जॅक उचलतो, टेकू धरतो
जुन्या मोटारीच्या ब्रेकचे काम घरी करताना

यंत्राने मनुष्याच्या हाताला किती बळ दिले आहे, याचे अगदी घरगुती उदाहरण पाहावयाचे असेल, तर मोटारीचा जॅक पाहावा. सुमारे अकराशे किलोग्रॅम वजनाची मोटार. तिचे एक टोक नुसत्या हातांनी उचलावयाचे म्हटले तर सात-आठ धट्टेकट्टे गडी लागावेत. परंतु जॅकचा दांडा हाती आला की शाळकरी मुलगाही ते काम एकट्याने करू शकतो. ही किमया इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे कोणाला आश्चर्य वाटत नाही आणि भयही वाटत नाही. आश्चर्य न वाटल्याने कोणाचे नुकसान होत नाही. भय न वाटल्याने मात्र दरवर्षी जगात ठिकठिकाणी माणसे मोटारीखाली सापडून प्राणास मुकतात.

अशा अपघातात बहुधा मोटार सदोष नसते आणि जॅकही फारसा सदोष नसतो. जॅक ज्या कामासाठी निर्माण झाला, त्याहून निराळे काम त्याच्याकडून घेतलेले असते. उचलणे हे एक काम आणि उचललेले धरून ठेवणे हे दुसरे काम. या दोहोंतील भेद पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमांवरून स्पष्ट होतो.

जुनी मोटार व तिचा ब्रेक

भारतात जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांच्या परिचयाच्या दोन गाड्या म्हणजे ॲम्बॅसॅडर आणि फियाट. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या नमुन्यावर बेतलेली ॲम्बॅसॅडर कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत तयार होत असे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट ११०० या गाडीला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. दोन्हींचे कारखाने आता बंद झाले असले, तरी कित्येक गाड्या हौशी मालकांनी चालू स्थितीत ठेवल्या आहेत. त्यांची रचना साधी व उघडी असल्यामुळे पुष्कळ मालक लहानसहान दुरुस्ती घरच्या अंगणातच करतात.

या जुन्या गाड्यांच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ लोखंडी ड्रम आणि त्याच्या आत अर्धवर्तुळाकार असे दोन ब्रेक-शू, अशी त्याची रचना असते. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकाजवळच्या लहान सिलिंडरांत दाबले जाते. तेथील दट्ट्ये शूंना बाहेर ढकलतात. शू ड्रमच्या आतील बाजूवर घासतात आणि गाडी थांबते. शूवरील अस्तर झिजले, किंवा सिलिंडरातील रबरी कप जीर्ण होऊन तेल गळू लागले, म्हणजे चाक काढून ड्रम उघडावा लागतो. चाक काढावयाचे म्हणजे गाडी उचलणे आलेच.

एकच नियम, दोन यंत्रे

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने द्रवांविषयी मांडलेला नियम त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, असे हा नियम सांगतो. वाचावयास साध्या वाटणाऱ्या या नियमात मोठे सामर्थ्य साठलेले आहे. एक दट्ट्या १ सेंटीमीटर व्यासाचा आणि दुसरा ३ सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या नऊपट होते. म्हणून लहान दट्ट्यावरील भार मोठ्या दट्ट्यावर नऊपट होऊन प्रकट होतो.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली या तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. सहज हलविता येण्याजोग्या द्रवचलित जॅकचे पेटंट १८५१ साली रिचर्ड डजन याला अमेरिकेत मिळाले. पुढे १९१७ साली माल्कम लॉगहेड याने हेच तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावण्याचे पेटंट मिळविले, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीच्या चारही चाकांना द्रवचलित ब्रेक लाभले. सारांश, मोटार उचलणारा जॅक आणि मोटार थांबविणारा ब्रेक ही एकाच घराण्यातील दोन भावंडे होत.

आता थोडा हिशेब करू. मोटारीच्या मागील टोकाचा भार ५५० किलोग्रॅम धरला. दट्ट्यांच्या क्षेत्रफळांमुळे बळ नऊपट होते, आणि जॅकच्या दांड्याच्या तरफेमुळे ते आणखी वीसपट झाले, तर एकूण १८० पट लाभ मिळतो. म्हणजे घर्षण सोडून दिले, तर हाताने जेमतेम तीन किलोग्रॅम जोर लावला तरी पुरे. परंतु निसर्गाच्या व्यवहारात काहीच फुकट मिळत नाही. मोटार ३० सेंटीमीटर उचलण्यासाठी हाताला ३० सेंटीमीटरच्या १८० पट, म्हणजे ५४ मीटर अंतर थोडेथोडे करून तोडावे लागते. या सर्व श्रमाची गोळाबेरीज सुमारे १६०० जूल होते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. उचललेल्या मोटारीत ती साठून राहते. आधार सुटला की ३० सेंटीमीटर खाली येण्यास मोटारीला सुमारे पाव सेकंद लागतो. हाताने ५४ मीटर चालून जे साठविले, ते पाव सेकंदात परत येते. डोळ्यांनी पाहून स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचण्यातच जवळजवळ तितका वेळ जातो. म्हणून ‘गाडी घसरू लागलीच तर चटकन बाहेर येऊ’ या विचाराला काहीच आधार नाही.

कपाची परीक्षा

ब्रामाच्या दाबयंत्राला आरंभी एका अडचणीने ग्रासले होते. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब जसजसा वाढेल तसतसा अधिक घट्ट बसणारा चामड्याचा कप योजून ही अडचण दूर करण्यात आली. त्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ली याला दिले जाते. पुढे चामड्याची जागा रबराने घेतली, पण कार्य तेच राहिले. जॅक असो की ब्रेक असो, त्यातील लोखंड कितीही भक्कम असले, तरी सारा भार अखेर त्या लहानशा कपावर किंवा कड्यावर विसंबून असतो.

घरी ब्रेकचे काम करणाऱ्याने येथे क्षणभर थांबून विचार करावा. तो ड्रम का उघडत आहे? पुष्कळदा याचसाठी, की त्यातील रबर वयोमानाने कडक झाले, त्याला चिरा पडल्या आणि तेल गळू लागले. पेडल हळूहळू खाली बसू लागले, हीच त्या बिघाडाची खूण होती. मग ज्या जॅकच्या भरवशावर तो गाडीखाली शिरणार, त्या जॅकमध्येही तशीच रबरी कडी असतात, आणि ती गाडीच्याच वयाची असण्याचा संभव असतो. ब्रेकमधील कप गळला की पेडल खाली बसते. जॅकमधील कडे गळले की मोटार खाली बसते. याखेरीज जॅकला तेल सोडण्याची एक झडप असते. तिच्याखाली कचऱ्याचा एक कण अडकला, किंवा दांड्याचा धक्का लागून ती किंचित सैल झाली, तरी परिणाम तोच होतो.

येथेच एक सूचना करणे इष्ट होय. जॅकमध्ये खनिज तेल असते. या गाड्यांच्या ब्रेकमध्ये निराळ्या रासायनिक जातीचे ब्रेक ऑइल असते. एकाची भर दुसऱ्यात घालू नये. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगून निकामी होते, आणि ब्रेक ऑइलने जॅकची कडी बिघडतात.

मळसूत्री जॅकचा गुण आणि दोष

गाडीबरोबर मिळणारा जुना जॅक बहुधा मळसूत्री, म्हणजे आट्यांचा असतो. त्यात तेल नसल्यामुळे गळतीचा प्रश्न नसतो. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच होय. या उतरणीचा चढ पुरेसा अल्प असेल, तर घर्षणामुळे भार आपण होऊन खाली घसरू शकत नाही. ३० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर ६ मिलिमीटर अंतराचे आटे असतील, तर हा चढ शंभरास साडेसहाहूनही कमी असतो. तेव्हा असा जॅक सहसा खाली बसत नाही. तो कलंडतो.

कलंडण्याचे कारण भूमितीत आहे. समजा, जॅकचा पाया १० सेंटीमीटर रुंद आणि उंची ४० सेंटीमीटर आहे. माथ्यावरील भाराची लंबरेषा पायाच्या बाहेर गेली की जॅक आडवा होणार. म्हणजे माथा एका बाजूस अवघा ५ सेंटीमीटर सरकला की पुरे. आता मोटारीचे मागील टोक उचलले जात असता ती पुढील चाकांभोवती वळत असते. म्हणून उचललेले टोक सरळ वर न जाता वर्तुळाच्या कंसावरून जाते. दोन्ही चाकांमधील अंतर सुमारे अडीच मीटर धरले, तर ३० सेंटीमीटर वर जाताना ते टोक जवळजवळ २ सेंटीमीटर पुढे सरकते. पाचांपैकी दोन सेंटीमीटर असे कोणी धक्का न देताच खर्ची पडतात. उरलेले तीन, घट्ट बसलेल्या नटावर पाना लावून दिलेल्या एका हिसक्यासरशी संपू शकतात.

मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या ट्रॉली-जॅकला लोखंडी चाके का असतात, याचा उलगडाही यावरून होतो. ती चाके केवळ जॅक ओढून नेण्याच्या सोयीसाठी नाहीत. मोटारीचे टोक कंसावरून सरकताना जॅकही तितकाच सरकला पाहिजे, यासाठी ती आहेत. म्हणूनच असा जॅक मातीत किंवा खडीवर वापरू नये. चाके रुतली की तो सरकत नाही, आणि मग त्याचा माथा गाडीखालून निसटतो.

हात-ब्रेक पुरेसा का नाही

उचललेली गाडी पुढे-मागे गडगडू नये म्हणून हात-ब्रेक ओढला आणि गिअर टाकला की काम झाले, अशी एक समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे.

ॲम्बॅसॅडर व फियाट या गाड्यांचा हात-ब्रेक फक्त मागील चाकांवर चालतो. पुढील ब्रेकचे काम असेल तर मागील चाके जमिनीवरच असतात, आणि हात-ब्रेक उपयोगी पडतो. परंतु मागील टोक उचलले की हात-ब्रेक लागलेली दोन्ही चाके हवेत राहतात. जमिनीवर उरलेली पुढील चाके मोकळी असतात. त्याहून विशेष असे, की मागील ड्रम काढण्यासाठी हात-ब्रेक सोडावाच लागतो, एरवी शू ड्रमला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे कामाच्या ओघातच रक्षणाचा एक उपाय दूर होतो.

गिअरचेही तसेच. या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांकडे जाते आणि दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. वळणावर बाहेरचे चाक अधिक व आतले कमी फिरावे, अशी मोकळीक तो देतो. मागील एकच चाक उचलले, तर ते हवेत स्वच्छंद फिरू शकते. त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही उलट गतीने फिरण्यास मोकळे होते, आणि गिअर टाकलेला असूनही गाडी गडगडू शकते. अंगणाचा उतार वीसास एक इतका, डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढाच असला, तरी अकराशे किलोग्रॅमच्या गाडीला उताराच्या दिशेने ५५ किलोग्रॅमचा ओढा असतो. यावर खरा उपाय एकच. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांना पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी भक्कम लाकडी पाचरी ठोकून बसवाव्यात. आणि काम सपाट जागीच करावे.

टेकू कसा असावा

जॅकने उचलल्यावर मोटार ज्यावर टेकवावयाची, ते साधन म्हणजे स्टँड. पुष्कळ ठिकाणी कारागीर त्यास घोडी म्हणतात. त्यात तेल नाही, झडप नाही, कप नाही. रुंद पसरलेले पाय, मध्ये उंची बदलता येणारा खांब आणि तो अडविणारी पोलादी खीळ किंवा दाता, एवढीच त्याची रचना असते. भार सरळ लोखंडातून जमिनीत उतरतो. गळण्यासारखे त्यात काही नसते, आणि रुंद पायांमुळे तो सहजी कलंडत नाही. स्टँड नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर लावावेत, आणि त्यांवर कोरलेली भारक्षमता पाहून घ्यावी.

स्टँडऐवजी विटा रचण्याची चाल सर्वत्र आढळते. वीट भिंतीत प्रचंड भार सोसते, हे खरे. परंतु तेथे भार तिच्या सर्व पृष्ठावर सारखा पसरलेला असतो. मोटारीचा भार एखाद्या अरुंद कडेवरून किंवा गोल नळीवरून येतो. वीट त्यामुळे किंचित वाकू पाहते, आणि वाकणे तिला सोसत नाही. पूर्वसूचना न देता ती दुभंगते. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांना तर हा दोष अधिकच लागू पडतो.

टेकूखालची जमीनही टेकूचाच भाग समजली पाहिजे. मोटारीच्या एका कोपऱ्याचा भार २७५ किलोग्रॅम आणि स्टँडच्या चार पायांचे मिळून क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर धरले, तर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १४ किलोग्रॅम दाब पडतो. पावसाळ्यात भिजलेली माती याच्या अल्पांशही सोसू शकत नाही. उन्हाळ्यात तापून मऊ झालेल्या डांबरातही लोखंडी पाय रुततात. पायाखाली ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीची जाड फळी ठेवली, तर तोच दाब एक-तृतीयांश किलोग्रॅमच्या आत येतो. पक्की सिमेंटची जमीन मात्र सर्वांत उत्तम.

गाडीवर टेकू कोठे लावावा, हे त्या गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते व तेच प्रमाण मानावे. ॲम्बॅसॅडरच्या मागील बाजूस आडव्या आसाच्या नळीखाली, पाट्यांच्या निकट स्टँड लावण्याची पद्धत आहे. मात्र आसाला लागून जाणारी ब्रेकची बारीक नळी स्टँडखाली चिमटणार नाही, हे पाहावे. इंजिनाचे तेलपात्र, गिअरपेटी, स्टिअरिंगचे दांडे यांखाली टेकू लावू नये. या गाड्यांचा सांगाडा पत्र्याच्या पेट्यांचा बनलेला असतो आणि जुना पत्रा आतून गंजतो. जेथे भार द्यावयाचा, तेथे आधी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकून पाहावी. आवाज बद्द आला किंवा गंजाचे पोपडे गळाले, तर ती जागा वर्ज्य करावी.

कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. गाडी सपाट व टणक जागी उभी करावी, गिअर टाकून हात-ब्रेक ओढावा, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचरी लावाव्यात. चाके जमिनीवर असतानाच त्यांचे नट अर्धा फेरा सैल करावेत. जोराचे हिसके देण्याची वेळ हीच होय. मग गाडीचे एकच टोक, थांबत थांबत व जॅकचा माथा सरकत नाही ना हे पाहत, गरजेपुरतेच उचलावे. या वेळी शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नसावा, आणि गाडीत कोणी बसलेले नसावे.

नंतर स्टँड योग्य जागी सरकवून, खीळ पक्की बसल्याची खात्री करून, जॅक सावकाश उतरवावा व सर्व भार स्टँडवर येऊ द्यावा. बाजूला उभे राहून गाडीला हातांनी चांगला धक्का द्यावा. जी गाडी या वेळी डळमळते, ती माणूस खाली असतानाही डळमळेल. तेव्हा पुन्हा उचलून स्टँड नीट लावावेत. काढलेले चाक दूर न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. सर्व उपाय फसले, तरी चाकाच्या जाडीएवढी पोकळी शिल्लक राहते. जवळपास दुसरे एखादे माणूस असणे केव्हाही हिताचे.

ड्रम उघडल्यावर आत साठलेली काळी धूळ फुंकू नये, की कोरड्या कुंच्याने झाडू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी गंभीर रोग उत्पन्न करतात. ती धूळ ओल्या फडक्याने पुसून, ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

काम संपल्यावर चाक चढवून नट समोरासमोरच्या जोड्यांनी हाताने आवळावेत. गाडी जॅकने किंचित उचलून स्टँड काढावेत, ती जमिनीवर उतरवावी आणि मगच नट पुरते घट्ट करावेत. गाडी हलविण्यापूर्वी पेडल अनेकदा दाबून ते टणक लागते ना, हे पाहावे. शू आणि ड्रम यांमधील अंतर भरून निघेपर्यंत पहिल्या दाबास ब्रेक लागेलच असे नाही. पेडल टणक झाल्यावरच पाचरी काढाव्यात.

या सर्व क्रमाला जॅकने उचलण्याहून फार तर पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात. दोन स्टँड, चार पाचरी आणि दोन फळ्या एवढाच त्याचा सरंजाम. ज्याला ब्रेकचे महत्त्व कळते, त्याला हा खर्च जड वाटू नये. कारण ब्रेक दुरुस्त करावयाचा तो गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी, आणि दुरुस्त करणाराही बहुधा त्यांपैकीच एक असतो.